बाळंतिणीच्या खोलीतली ओल

पुण्याच्या थंडीचं पुणेकरांनी इतकं कौतुक करून ठेवलं आहे की तिच्याविरुद्ध बोलणं म्हणजे जवळजवळ फितुरीच. दिवाळी सरली की ट्रंकेतले स्वेटर बाहेर येतात. सकाळी टेकडीवर जाणारी मंडळी कानाला मफलर गुंडाळून एकमेकांना कालचं तापमान सांगतात, जणू ते त्यांनीच खाली उतरवलं आहे. मी मान हलवते आणि गप्प बसते. ही थंडी ज्यांच्या भिंती कोरड्या असतात त्यांच्यासाठी आहे. मला डिसेंबर लागला की भिंतींना हात लावून बघायची सवय आहे, आपल्या घरातल्या आणि लोकांच्याही. कुणाकडे जेवायला गेलो आणि माझा हात कपाटामागे जायला लागला की नवरा डोळ्यांनी दटावतो. मी ऐकत नाही.

लग्नानंतर आम्ही वारज्याला भाड्यानं राहायला गेलो. तेव्हा ते धड गाव राहिलं नव्हतं आणि धड शहरही झालं नव्हतं. मोठ्या रस्त्यापासून बरंच आत, एका शेतकऱ्यानं आपल्या रानाच्या कडेला इमारत उठवली होती. वरचे मजले त्याच्याच भावकीनं भरलेले, तळमजल्यावर आम्ही भाडेकरू. दोन खोल्या, आतच मोरी, मागे थोडी मोकळी जागा. घर दाखवायच्या दिवशी घरमालक आम्हाला मागच्या बाजूला घेऊन गेला, चपलेच्या टाचेनं माती उकरली आणि छाती पुढे काढून म्हणाला, "काळं रान हाय हे. भर उन्हाळ्यात बी वल हटत न्हाय हितली. कांदा काय निघायचा म्हणून सांगू तुमास्नी!"

आम्ही दोघंही पेठेत वाढलेले. माती म्हणजे आमच्या लेखी कुंडीतली. आम्ही कौतुकानं माना डोलावल्या. ज्या जमिनीतली ओल उन्हाळ्यातही हटत नाही, तिच्यावर उभ्या केलेल्या भिंतीला टेकून आपण झोपणार आहोत, हे आमच्या सुशिक्षित डोक्यांत काही शिरलं नाही. तो तरी कुठे फसवत होता? तो शेताची तारीफ करत होता आणि आम्ही घर बघत होतो.

पहिला पावसाळा कसाबसा गेला. भिंतीचे पोपडे निघाले, खाली पांढरी पूड साचायची, ती मी झाडून काढायची. सगळ्यांचंच असं होतं म्हणाले शेजारचे. मग थंडी आली आणि खिडक्यांनी आपला गुण दाखवला. लोखंडी खिडक्या, एकही धड मिटत नसे. काच आणि चौकट यांच्यात बोट जाईल एवढी फट, दाराखालून तर मांजराचं पिल्लू आत आलं असतं. पहाटे गार वाऱ्याची धार थेट मानेवर यायची. घरमालकाला सांगितलं तर म्हणाला, "हवा खेळती हाय म्हनायची की! सिटीतली लोकं हवा खायाला हिकडं येत्यात." आम्ही हसलो. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते. दुसऱ्या वर्षीच्या थंडीत मला मुलगी झाली आणि हसणं संपलं.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही रीत. पण माझं माहेर शनिवार पेठेत दोन खोल्यांचं, आणि भावाचं नुकतंच लग्न झालेलं. बाळंतीण ठेवायची कुठे? तेव्हा आईनं सरळ आपली पिशवी भरली आणि तीच वारज्याला आली. आल्या आल्या तिनं चपला काढायच्या आधी खिडकीपाशी हात धरला, दारापाशी धरला, आणि माझ्या नवऱ्याला म्हणाली, "अहो, ही खोली आहे का चाळणी? हिला वारा लागला तर जन्मभराचं दुखणं होईल. आणि बाळाचं काय?"

बाळंतिणीला वारा लागता कामा नये, हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कानाला फडकं, पायात मोजे, खोली बंद. आईनं तीन मुलांची बाळंतपणं अशीच निभावली होती, पेठेतल्या जाड भिंतींच्या, वर कौलं असलेल्या खोलीत. तिनं कणकेची खळ शिजवली. जुनी वर्तमानपत्रं फाडून पट्ट्या केल्या आणि खिडक्यांच्या सगळ्या फटींवर एकावर एक चिकटवल्या. झरोक्याला पुठ्ठा लावला. दाराखाली जुन्या लुगड्याची गुंडाळी सरकवली. दोन दिवसांत वारा थांबला. खोली ऊबदार झाली, शांत झाली. मला आठवतं, मी बाळाला जवळ घेऊन पडले होते आणि मनात आलं, आई आहे म्हणून बरं. खरंच तसं वाटलं होतं मला, आणि ते खोटं ठरवायची माझी आजही तयारी नाही.

पण त्या बंद खोलीत दिवसभर काय काय चालायचं बघा. मोरी पलीकडेच, तिला दार नव्हतं, नुसता पडदा. सकाळी माझं आणि बाळाचं कढत पाण्याचं न्हाणं, वाफेनं आरसा पुसावा लागायचा. मग शेगडीवर ओवा, बाळंतशेपा आणि वावडिंगाची धुरी. बाळाच्या लंगोट्या आणि दुपटी मागच्या दोरीवर घालायची नाहीत, कारण मागे ऊन फक्त दुपारचं घटकाभर आणि संध्याकाळी दव. शिवाय तिन्हीसांजेला बाळाचे कपडे बाहेर राहू द्यायचे नाहीत, तेही होतंच. म्हणून ती सगळी ओली धुणी खोलीतच, माझ्या खाटेवर आडव्या बांधलेल्या दोरीवर. एवढं सगळं पाणी हवेत जात होतं आणि हवेला जायला वाट नव्हती. ते जाऊन बसलं उत्तरेच्या गार भिंतीवर, म्हणजे माझ्या उशाशी.

आज हे लिहिताना सगळं ओळीनं दिसतं. तेव्हा काही दिसलं नाही, आणि जे दिसलं असतं ते दिसू नये याची सोय झालेली होती. बारसं झाल्यावर एक दिवस मी न्हाऊन आले तर उशाकडच्या भिंतीवर आईनं गोधडी टांगलेली. वरून खिळे ठोकून, चांगली खालपर्यंत. मी विचारलं तर म्हणाली, "अगं, भिंतीची थंडी अंगात जाते. असू दे." जुन्या साड्यांची, तिनंच शिवलेली, रंगीत. बघायला आलेल्या बायकांनी तिची तारीफ केली. मालकीणबाई डिंकाचे लाडू घेऊन आल्या होत्या, त्या गोधडीकडे पाहून आईकडे पाहत्या झाल्या आणि मग पटकन बाळाकडे वळल्या. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. बाळंतिणीचं लक्ष बाळाकडे असतं.

बाळाची छाती वाजायला लागली ती त्यानंतर. आधी नुसती सर्दी वाटली. आईनं लसूण आणि ओव्याची पुरचुंडी गरम करून शेकलं, तळपायाला तेल चोळलं. दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा. झोपेत तिच्या श्वासाबरोबर बारीक शिट्टी यायची. दूध ओढता ओढता ती थांबायची, दम खायची आणि माझ्याकडे बघायची. एवढंसं मूल काय बघणार, लोक म्हणतात. बघायची. आई म्हणाली, थंडी बाधली, कुठून तरी अजून वारा येतोय. तिनं पुन्हा खळ शिजवली आणि पट्ट्यांवर पट्ट्या चढवल्या.

शेवटी आम्ही तिला डॉक्टरांकडे नेलं. मुलांचे डॉक्टर, वयानं मोठे, कमी बोलणारे. त्यांनी तपासलं आणि पहिलाच प्रश्न केला, "धुरी देता का?"

"रोज," आई म्हणाली, थोड्या अभिमानानं.

"आजपासून बंद. घरात कुठे ओल आहे का, आजी? भिंतीला बुरशी वगैरे?"

"नाही हो डॉक्टर. घर अगदी कोरडं आहे."

तिनं पापणीही न लववता सांगितलं. माझा नवरा टेबलावरच्या वजनकाट्याकडे बघत होता. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी पण नाही म्हटलं, कारण मला खरंच माहीत नव्हतं. त्यांनी औषध लिहून दिलं. खोली जरा मोकळी ठेवा म्हणाले, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

आईनं धुरी बंद केली. डॉक्टरांचा शब्द तिच्यासाठी शब्द होता. खिडकी मात्र तिनं उघडली नाही. मोकळी ठेवा म्हणजे गर्दी करू नका, असा तिनं अर्थ लावला आणि बघायला येणाऱ्या बायकांना बाहेरूनच वाटेला लावलं. आणि धुरीचा वास गेल्यावर खोलीत दुसराच वास यायला लागला. पावसात भिजून कोपऱ्यात पडलेल्या पोत्यासारखा. मी म्हटलं, "आई, कसला वास येतोय गं?" ती म्हणाली, "दुपटी नीट वाळली नाहीत बहुतेक." आणि दोरीवरची दुपटी काढून उगीच पुन्हा पिळत बसली.

एका सकाळी बाळानं दूध घ्यायचंच सोडलं. ओठांभोवतीचा रंग बदललेला दिसला आणि छातीच्या फासळ्यांमध्ये श्वासागणिक खड्डा पडत होता. नवरा रिक्षा आणायला पळाला. आई स्वयंपाकघरात फ्लास्क भरत होती. बाहेर चांगलीच थंडी होती, बाळाला गुंडाळायला जाड काहीतरी हवं होतं. दुपटी सगळी दमट. माझं लक्ष भिंतीवरच्या गोधडीकडे गेलं. एका हातात बाळ धरून मी दुसऱ्या हातानं ती ओढली. खिळ्यासकट गिलावा निघाला आणि गोधडी माझ्या अंगावर आली.

मागची भिंत काळी होती. ठिपके वगैरे नव्हे, काळी. माझ्या उशापासून वर खांद्याएवढ्या उंचीपर्यंत, मध्ये मध्ये हिरवट लव. जिथे आईनं फडक्यानं पुसलं होतं तिथे पुसल्याचे फराटे दिसत होते, आणि फराट्यांवर पुन्हा ती उगवली होती. गोधडीची आतली बाजूही तशीच. खिडकीच्या पट्ट्या मी तेव्हा पहिल्यांदा जवळून पाहिल्या. कणकेच्या खळीवर बुरशीला मेजवानी मिळाली होती, कागदावरची अक्षरंही वाचता येत नव्हती. आम्ही महिनाभर बाळाला त्या भिंतीशेजारी निजवून वारा लागू नये म्हणून जपत होतो.

आई फ्लास्क घेऊन दारात आली आणि तिथेच थांबली. मी गोधडी खाली टाकली, स्वतःची शाल काढून बाळाला गुंडाळलं आणि बाहेर पडले.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, बाळाला आत नेल्यावर, मी तिला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"बारशाच्या आधीपासून," ती म्हणाली. "तू न्हायला गेलीस की रोज पुसत होते मी. जावयांना सांगितलं होतं. ते मालकांशी बोलले. संक्रांत झाली की चुना मारून देतो म्हणाले."

म्हणजे आईला माहीत होतं, नवऱ्याला माहीत होतं, मालकाला आणि मालकीणबाईला माहीत होतं. त्या इमारतीत ज्या एका बाईचं डोकं त्या भिंतीला टेकलेलं होतं, तिला सोडून सगळ्यांना.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"अगं, बाळंतिणीनं मनाला लावून घेतलं की दूध आटतं. तुला घोर लावून काय करू?"

"आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू समोर बसली होतीस."

सव्वा महिना पुरा व्हायच्या आत माझी मुलगी गेली. ती कशी गेली ते मी लिहिणार नाही, तिचं नावही इथे लिहिणार नाही. भरल्या छातीनं मी त्या हॉस्पिटलच्या पायऱ्या उतरले. दूध आटलं नव्हतं. आईनं ज्याच्यासाठी एवढं केलं होतं ते जागच्या जागी होतं आणि त्याचं काय करायचं हे कुणालाच कळत नव्हतं.

नंतर मी एकटीच डॉक्टरांना भेटायला गेले. भिंतीचं सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, ऐकून घेतलं. म्हणाले, "ओलीमुळेच झालं असं मी म्हणणार नाही. फुप्फुसं मुळात नाजूक असू शकतात. धूर होता, बंद खोली होती, संसर्ग होता." मी म्हटलं, "आणि ओल नसतीच तर?" ते म्हणाले, "ते सांगता येत नाही, बाई." चांगला माणूस होता, खोटं बोलला नाही. पण कुणीतरी ठाम काहीतरी सांगायला हवं होतं, म्हणजे मला कुणावर तरी पुरतं रागावता आलं असतं, किंवा कुणाला तरी सोडून देता आलं असतं. माझ्या वाट्याला ते आलं नाही. नवऱ्याशी मी भांडले, कडाकडा भांडले, आणि भांडून भांडून आमचं मिटलं. आईशी भांडताच आलं नाही. ती समोर आली की मला तिचे पुसून पुसून फुटलेले हात दिसायचे आणि त्याच क्षणी तिचं "घर अगदी कोरडं आहे" ऐकू यायचं.

घरमालक भेटायला आला, दारातच टोपी काढून उभा राहिला. "लई वंगाळ झालं, वैनी. आमच्या बी घरात लेकरं हायती." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, तेही मला सहन झालं नाही. आम्ही घर सोडलं. उरलेलं सामान न्यायला गेलो तेव्हा भिंत गुलाबी झालेली होती. खरवडली नव्हती, सुकू दिली नव्हती, नुसता वरून रंगाचा हात मारलेला. एक नवरा-बायको जागा बघायला आले होते. बाई पोटुशी दिसत होती. मालकासमोरच मी तिला म्हटलं, "या भिंतीला ओल आहे. हे घर घेऊ नका." तिनं नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्यानं मालकाकडे. मालक म्हणाला, "त्यांचं मन थाऱ्यावर न्हाई, जाऊ द्या." पुढे कळलं, त्यांनी ते घर घेतलं. त्यांना पावसाळ्याच्या आत जागा हवी होती.

त्यानंतर आम्ही बरीच घरं बदलली. विश्रांतवाडीला राहिलो, तिथून आणखी कुठे कुठे. घर बघायला गेले की मी नळाला पाणी किती वेळ असतं ते विचारत नाही, आधी कोपऱ्यातल्या भिंतीला तळहात लावते. कपाटं उघडून वास घेते. मालक लोक म्हणतात, बाईंना घर आवडलेलं दिसत नाही. कपाट भिंतीला चिकटवून ठेवायचं नाही, मागे हात जाईल एवढी जागा सोडायची. कपडे घरात वाळवायचे नाहीत, वाळवावेच लागले तर खिडकी उघडून. मोरीतली वाफ बाहेर जाईपर्यंत आतलं दार लावून ठेवायचं. थंडी कितीही असो, दुपारी ऊन आलं की खिडक्या सताड उघडायच्या. फटी बुजवायच्या त्या बुजवायच्या, पण वर कुठेतरी एक झरोका मोकळा सोडायचा. सोसायटीतल्या मुली मला हे विचारायला येतात आणि हसत हसत जातात. मी सांगते, चिडून सांगते. एवढं साधं होतं सगळं, याचाच मला राग येतो.

दुसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा मी आईला निरोप पाठवला. ती आली नाही. भावाकडून सांगितलं, एखादी बाई लाव, मला जमणार नाही. मी स्वतः शनिवार पेठेत गेले, हातापाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. तिनं जेवायला वाढलं, आवडती आमटी केली होती, आणि शेवटी म्हणाली, "माझ्या हाताला यश नाही. मला बोलावू नकोस." मी काहीतरी बोलायला हवं होतं, तिनंही वाट पाहिली असावी. मी ताट उचलून मोरीकडे गेले.

मुलगा झाला. त्याच्या बारशाला ती आली आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसून राहिली. बायकांनी पाळणा म्हटला, नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या. ती उठली नाही, कुणी आग्रह केला तर गुडघे दुखतात म्हणाली. सगळे गेल्यावर मी बाळाला उचललं आणि तिला न विचारता तिच्या मांडीवर ठेवलं.

तो कुणासारखा दिसतो ते तिनं पाहिलं नाही. त्याचं झबलं वर केलं, खाली वाकली आणि त्याच्या छातीला कान लावला. तो दचकून रडायला लागला. मी म्हटलं, "आई, अगदी ठणठणीत आहे तो. डॉक्टरांना दाखवलंय."

"थांब जरा," ती म्हणाली. "ऐकू दे."

त्याच्या रडण्यात तिला काही ऐकू येईना. मी त्याला घ्यायला हात पुढे केला, तिनं दिला नाही. ती त्याला मांडीवर हलवत राहिली, तो रडून रडून झोपेपर्यंत. मग तिनं पुन्हा कान लावला.